सखुबाईंचा फोन

सोमवार, संध्याकाळ. कळंब

"समोरच्याला कळलं न्हाय, तर सांगणाराच कच्चा," मी अंगणवाडीताईंना मोबाइल शिकवायला लागले तेव्हा आई म्हणाली होती.

आज हजेरीचं ॲप चालेना म्हणून येरमाळ्याच्या अंगणवाडीतल्या सखुबाई आल्या. मी घाईत म्हणाले, "फोन रिसेट करते. बॅकअप आहे ना?"

"आसंल की, ताई."

मी बटण दाबलं. सगळं पुसलं गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मालकांचा आवाज कुठं गेला?" वारलेल्या नवऱ्याचं एक रेकॉर्डिंग त्या फोनमध्ये होतं; तेवढाच आवाज उरला होता.

आसंल की. बॅकअप म्हणजे काय, त्यांना कुठं माहीत? 'सगळं पुसलं जाईल' एवढं म्हणायला मला काय झालं होतं?

वर मलाच म्हणाल्या, "जाऊ द्या. तुमी काय मुद्दाम केलं व्हय?"

सखुबाई, यापुढं माझं बोलणं कळलं नाही तर मान डोलवू नका, मला तिथंच अडवा. एवढं ऐकाल? नाही ऐकणार तुम्ही, भिडेपोटी पुन्हा 'आसंल की'च म्हणाल.