वेइकोचं ताट

सोमवार, १० फेब्रुवारी

पेटीत आज आठ पाईक मासे. साफ केलेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. नाव नाही!

चर्चच्या मागच्या पायरीवर पेटी ठेवून दोन आठवडे झाले. चर्चतर्फे दरवर्षी होणाऱ्या शिकाऱ्यांच्या जेवणासाठी ज्याला जे द्यायचं ते त्याने तिथे टाकावं. फ्रीजचं काम थंडीच करते. पुडक्यावर नाव, जनावर आणि तारीख लिहायची, हा आमचा रिवाज. स्वयंपाकातली माझी जोडीदार बर्निस म्हणाली, "लाजतोय कुणीतरी. आपल्याला असेच तर हवेत!" खरं आहे. जेवण त्यांच्यासाठीच — बंदूकवाले आणि गळवाले, रविवारी रानात किंवा तळ्यावर जाणारे, चर्चची पायरी न चढणारे.

पुडकं मी सोडलं आणि स्टुलावर बसले.

प्रत्येक माशाचे पाच तुकडे. आधी पाठीचा, मग दोन कुशींचे, मग शेपटीकडचे दोन. असं पुष्कळ जण कापतात. पण शेपटीपाशी अंगठ्याएवढी कातडी राखलेली — ही बाबांची खोड. ती दोघांनाच लागली. मला आणि माझ्या भावाला.

वेइको नोव्हेंबरात नाहीसा झाला. बर्निसला काही बोलले नाही. मासे फ्रीजरमध्ये रचले आणि घरी आले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

समितीची बैठक. तारीख पक्की, ८ मार्च. हरणाचं मांस पुरेसं, अस्वलाचा रस्सा पास्टर लिंडक्विस्ट स्वतः करणार म्हणतात. (देव तारो. दक्षिणेकडून आलेत, अस्वल आयुष्यात शिजवलेलं नाही.) बक्षिसाला बर्फात भोकं पाडायचं यंत्र. देवाने आयुष्य कसं बदललं याची साक्ष द्यायला मार्केट शहरातला एक जण येतोय, पूर्वीचा दारुडा, आता बदकांची शिकार करतो. बर्निस म्हणाली, "म्हणजे व्यसन सुटलं नाही, बदललं!"

शेवटी पास्टर माझ्याकडे वळले. मला माहीत होतं काय येणार ते. गेल्या जेवणापासून या जेवणापर्यंत जो शिकारी गेला, त्याचं रिकामं ताट मांडायचं, त्यात त्याची नारिंगी टोपी ठेवायची, नाव वाचायचं, घंटेचा एक ठोका द्यायचा. यंदा दोन ताटं नक्की. तिसरं वेइकोचं?

"तुमच्या भावजयीचा, डोरीनबाईंचा होकार आहे, एल्माबाई. तुमचाही लागेल."

मी म्हटलं, देह सापडलेला नाही.

"तळ्यात बुडालेले सगळेच सापडत नाहीत," ते हळूच म्हणाले.

मी खुर्च्या परत रचायला लागले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पुन्हा मासे. सहा. तीच कातडी.

या वेळी वर्तमानपत्र उलगडून पाहिलं. १४ नोव्हेंबरचा अंक. हरणाचा मोसम १५ला उघडतो. १६ला वेइको आणि त्याचा दोस्त क्लेटन पेल्टो तळ्यापाशी हरणासाठी दबा धरून बसले होते. क्लेटन मचाणावरून पडला, शुद्धीवर आला तेव्हा वेइको नव्हता. पावलं तळ्याच्या काठापर्यंत. बर्फ तेव्हा बोटभर जाडीचा. पुढे पावलं नाहीत.

पायरीपाशीही पावलं नाहीत. वारा होता म्हणा. बर्फाची साय इतकी कडक की मीही चालले तर ठसा उठत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

डोरीन आली. तिला मासे दाखवायचे ठरवलं होतं. तिचा चेहरा बघून दाखवले नाहीत.

"तू बहीण आहेस, एल्मा. तुला वाट बघणं जमतं. मी रोज सकाळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते. मला हे थांबवायचंय."

"आणि आला तर?"

"आला तर त्याच ताटाने डोकं फोडीन त्याचं!" हसली. मग रडली. जाताना त्याची जुनी टोपी टेबलावर ठेवून गेली.

म्हणजे निर्णय माझ्यावर आला. मी हो म्हटलं तर तो गेला. नाही म्हटलं तर डोरीन वर्षभर अशीच.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सकाळी नऊला स्वयंपाकघरात बटाटे मोजत होते. थंडी उणे बावीस. खिडकीच्या काचेवर बाहेरून बर्फ चिकटलेला असतो, ती पांढरीच असते. आज त्यात एक गोल. तळहाताने पुसलेला. बाहेरून.

उंची माझ्या डोक्यावर वीतभर. वेइको एवढाच उंच होता.

त्या गोलातून पाहिलं तर काय दिसतं, हे बघायला बाहेर जाऊन बादलीवर चढले. मी जिथे उभी असते ती जागा दिसते. बाकी काही नाही.

पेटीत मासे होते. पाच.

रविवार, २ मार्च

उपासनेनंतर पास्टरना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, हसले नाहीत.

"तुमच्या भावाने ती पद्धत कुणाला शिकवली नसेल कशावरून? दुःखात हात ओळखीचे वाटतात, एल्माबाई."

वाटतात! पन्नास वर्षं तो हात माझ्या शेजारी मासे कापतोय.

पण मग तो जिवंत असेल तर घरी का येत नाही? दारू नाही, भांडण नाही. चर्चमध्ये मात्र त्याने कधी पाय ठेवला नाही. "मी आत आलो तर छप्पर पडेल, आणि दुरुस्तीला तू मलाच बोलावशील." पंचवीस वर्षं हाच विनोद.

बुधवार, ५ मार्च

केलं. चिठ्ठी लिहून पेटीत ठेवली, वर वीट.

"वेइको, शनिवारी पाच वाजता जेवण आहे. त्याआधी ये. नाही आलास तर तुझं ताट मांडतो आम्ही. डोरीनला आता सोसवत नाही. — एल्मा"

लिहिताना वेड्यासारखं वाटलं. ठेवल्यावर नाही.

शुक्रवार, ७ मार्च

चिठ्ठी नाही. वीट जागेवर. मासे नाहीत.

बर्निसला विचारलं. तिने पेटी उघडलीच नाही म्हणाली. दिवसभर वाटत राहिलं की कुणीतरी मागच्या दाराशी उभं आहे. चार वेळा उघडलं. चार वेळा नुसती थंडी आत आली. "अगं, दार लाव, रस्सा गोठेल!" बर्निस ओरडली.

पास्टरना म्हटलं, उद्या पाचपर्यंत थांबू. आला नाही तर माझा होकार.

शनिवार, ८ मार्च

एकशे ऐंशी माणसं. खुर्च्या कमी पडल्या, काही जण बादल्या उपड्या घालून बसले. अस्वलाचा रस्सा संपला — चमत्कारच! ज्यांना मी आयुष्यात चर्चमध्ये पाहिलं नव्हतं ते दुसऱ्यांदा ताट घ्यायला रांगेत. क्लेटनसुद्धा आला. नोव्हेंबरपासून तो कुणाच्या घरी गेलेला नाही. टोपी कानांवर ओढून कोपऱ्यात बसला. नीट जेवलाही नाही.

पाच वाजून गेले. सव्वापाच. मी दाराकडे बघत होते. साडेपाचला पास्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तिसरं ताट मांडलं. नाव वाचलं. घंटेचा ठोका. डोरीनने श्वास सोडला, तो मला दोन टेबलांवरून ऐकू आला.

क्लेटन उठून मागच्या दाराने बाहेर गेला. मी मागोमाग. तो पायरीवर बसला होता. टोपी काढली. डाव्या कानाचा वरचा अर्धा भाग नाही.

"मी मचाणावरून पडलो नाही, एल्मा. त्याची गोळी लागली. हरीण समजून झाडली त्याने. मी आडवा, सगळं तोंड रक्ताने भरलेलं. तो येऊन माझं नाव घेत ओरडला, ते मला ऐकू येत होतं. बोलता येईना. मग पळाला."

"चार महिने गप्प बसलास?"

"पावलं तळ्यात गेली होती ना! वाटलं, मला मारलं समजून त्याने जीव दिला. मेलेल्या माणसाच्या नावावर माझा कान कशाला लावू? माझा दोस्त होता तो!"

वेइकोला वाटलं क्लेटन मेला. त्याला अजून तेच वाटतंय. म्हणून आला नाही. म्हणून काचेतून बघून गेला.

आणि मी चिठ्ठीत लिहिलं काय — डोरीन, जेवण, ताट. क्लेटनचं नाव चुकूनही नाही! क्लेटन बरा आहे, एवढे तीन शब्द लिहिले असते तर.

तिथेच पावतीच्या मागे लिहिलं: "क्लेटन जिवंत आहे. जेवायला आलाय. तुझ्यावर कुणाचा राग नाही. घरी ये." क्लेटनने खाली सही केली. पेटीत ठेवलं.

रविवार, ९ मार्च

चिठ्ठी जागेवर. डोरीनला सगळं सांगितलं. तिने आधी मला मारलं, मग मिठी मारली. शेरीफच्या माणसांना क्लेटनने जबाब दिला. आता तळं सोडून रानात शोधणार. शिकाऱ्यांच्या झोपड्या शंभर तरी असतील, रस्ते बर्फाखाली. शनिवारी जेवलेल्यांपैकी चाळीस जण आपापल्या स्नो-मोबाईल गाड्या घेऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं.

बुधवार, १२ मार्च

चिठ्ठी जागेवर.

शुक्रवार, १४ मार्च

चिठ्ठी जागेवर. पास्टर दोन दिवस झोपडी-झोपडी फिरताहेत, थंडीने नाक काळंनिळं झालंय. "मी घाई केली, एल्माबाई," म्हणाले. मी म्हटलं, मान मी हलवली होती.

सोमवार, १७ मार्च

सापडला. पेल्टोंच्या घरापलीकडे, सात मैलांवर, कुणा परगावच्या माणसाच्या झोपडीत. पलंगावर, बूट काढून, हात छातीवर. जखम नाही. चुलीशेजारी सरपण शिल्लक, फळीवर डबेही शिल्लक. भिंतीवर कोळशाने दिवसाला एक रेघ ओढलेली. एकशे बारा. पहिली १७ नोव्हेंबरची धरून मी दोनदा मोजल्या. शेवटची रेघ शनिवारची, ८ मार्चची, त्याचं ताट मांडलं त्या दिवसाची.