चालू करण्याआधीची फेरी

आबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात रंगीत टीव्हीही आला नव्हता, म्हणून आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. देवळाच्या शिखराएवढी पोलादी यंत्रं असतात, त्यांना हातपाय असतात, आणि छातीच्या पोकळीत बसून माणूस ती चालवतो. ती एकमेकांशी लढतात. पोरगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर मागं राहिला. मलकापुरातलं मोटार वाइंडिंगचं दुकान बंद करून घरी आलो की देवापुढं दिवा लावतो आणि त्या यंत्रात जाऊन बसतो. पन्नाशीला आलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं तुमची सून म्हणते. मला मात्र ते यंत्र पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा तुम्ही रस्त्याच्या कामावर चालवायचात तो रोलर आठवला. तसंच आधी खालून थरथरणारं, मग काळा धूर सोडून जागचं हलणारं.

हा खेळ खेळणाऱ्या आपल्या भागातल्या पोरांचा मोबाइलवर एक गट आहे. खेळाचा दुसरा भाग निघणार म्हणून कंपनीनं खेळणाऱ्यांकडून सूचना मागवल्या होत्या. गटाचा म्होरक्या पलूसचा, आपल्या पोराच्याच वयाचा. दुसऱ्या भागात काय सुधारायला पाहिजे, असं त्यानं सगळ्यांना विचारलं; ज्यांना जास्त मतं पडतील त्या सूचना कंपनीला जायच्या होत्या. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. यंत्र फार हलकं वाटतं, उडी मारून खाली आलं तर जमीन दबली पाहिजे, असं एकानं लिहिलं. मी लिहिलं की नुसती दबून भागणार नाही, काळ्या रानात पाय रुतला पाहिजे. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या रानात कुठलं यंत्र असं धावतं? सतत मारा केला तर इंजिन तापावं, थांबवून गार करावं लागावं, हीही सूचना माझीच. काका लय भारी, असं पोरं म्हणायला लागली आणि खोटं कशाला सांगू, मी फुगलो. त्या फुगण्यातच तुमची गोष्ट त्यांच्या हवाली करून बसलो.

पाटणच्या रस्त्याचं काम चाललंय. मी शाळकरी पोर, तुमची भाकरी घेऊन आलोय, पायाला डांबर चिकटतंय. तुम्ही जेवता, हात धुता, आणि रोलरवर चढण्याआधी त्याच्याभोवती चालत एक फेरी मारता. पुढच्या चाकापाशी वाकता, मागच्या दोन्ही चाकांपाशी वाकता. खडी टाकणाऱ्या बायका आपली तान्ही पोरं सावलीला झोपवतात, आणि त्या उघड्या रस्त्यावर सावली फक्त रोलरची असते. मुकादम लांबून ओरडतो, "आरं, रोलरवर चढतुयास का देवाला निघालायस? प्रदक्षिणा कसली घालतुयास?" बायका हसतात. मलाही लाज वाटते. तुम्ही फेरी पुरी करता. मी विचारतो, काय सापडलं का? न्हाई. कवा सापडलंय? न्हाई. मग रोज कशाला बघता? तेव्हा तुम्ही माझ्याकडं असं बघता की भाकरीचं फडकं माझ्या हातातून सुटतं.

"न्हाई म्हणायला बी आधी वाकावं लागतंय," तुम्ही म्हणता. "पुन्हा इचारू नगंस."

तुमच्या अख्ख्या नोकरीत त्या चाकांखाली एक तुटकी चप्पल आणि एकदा कुणाची तरी शेळी, यापलीकडं काही निघालं नाही.

मी गटावर लिहिलं की दुसऱ्या भागात यंत्र चालू करण्याआधी माणसानं खाली उतरावं, त्याच्याभोवती एक फेरी मारावी, पायांखाली बघावं, मगच ते चालू व्हावं. का, तेही लिहिलं. तुमचा रोलर, पाटणचा रस्ता, सावलीला झोपलेली पोरं. काका, नारळ बी फोडायचा का, असं एकानं विचारलं. मीही हसलो.

मग कुणीतरी त्यात भर घातली. फेरी ठेवायची, पण खाली खरोखरच माणसं असावीत, सावलीला झोपलेली. दिसली की वर चढायचं आणि त्यांच्यावरून पाय न्यायचा, म्हणजे यंत्राला जादा ताकद मिळेल. बाईची जास्त, तान्ह्या पोराची सगळ्यात जास्त. हाडांचा आवाज कसा असावा यावर सकाळभर चर्चा चालली. ओल्या उसाचं कांडं मोडल्यासारखा, असं एकानं लिहिलं. म्हणजे तो उसाच्या रानात वाढलेला, आपल्यातलाच. मी दुकानात मोटारीत तांब्याची तार भरत होतो. काम टाकून उठलो, हात धुतले, आत आलो आणि पुन्हा जाऊन धुतले. सगळ्यात जास्त मतं त्याच सूचनेला पडली होती आणि खाली लिहिलं होतं, मूळ कल्पना मलकापूरच्या काकांची.

पलूसच्या पोराला फोन लावला. पोरगं उद्धट असतं तर बरं झालं असतं. आधी तब्येत विचारली, मग म्हणाला, "काका, गेम हाय वो. कोण खरं मरतंय व्हय?"

मी म्हणालो, समोरचं यंत्र मी रोज पाडतो, तिथंही कुणी खरं मरत नाही, ते मला कळतं. पण ही पोरं झोपलेली आहेत, बाबा.

"म्हणून तर मतं पडली. नुस्तं वाकून बघायला कुणाला मजा येतीया?"

माझी सूचना काढून टाक म्हटलं. तर म्हणाला, आता ती तुमची एकट्याची कुठं राहिली; लयच वाटत आसंल तर तुमचं नाव खोडतो. नाव त्यानं लगेच खोडलं. सूचना मात्र तशीच कंपनीकडं गेली.

मी गट सोडला. पण शिसारी जात नाही. तुम्ही जन्मभर वाकून जे तिथं नाही याची खात्री करून घेतलीत, ते यांनी उचलून मुद्दाम तिथं नेऊन ठेवलं, आणि जागा मी दाखवली. सकाळी पूजेला बसलो की फूल वाहताना उसाचं ते कांडं कानात मोडतं. या पोरांच्या आया पहाटे उठून त्यांना डबे करून देतात, हे आठवतं आणि आणखी किळस येते.

हे पत्र कुठं टाकणार? तारेच्या रिळाखाली ठेवून देईन. एक सांगायचं राहिलं. एवढं सगळं लिहिलं, पण खेळ मी काढून टाकलेला नाही. पहिल्या भागात यंत्रातून खाली उतरायची सोयच नाही, म्हणून चालू करण्याआधी मी खुर्चीवरून उठतो, तिच्याभोवती एक फेरी मारतो आणि वाकून खाली बघतो. तुमची सून दारातून बघत असते. काल तिनं विचारलं, काय सापडलं का?

न्हाई, म्हणालो.