विहारावरचा स्लॅब

उम्म अल हस्सम, बहरीन
९ जानेवारी २०२५

चि. सीमास अ. उ. आ.

एडिंबरोत राहून तू स्वप्नंही इंग्रजीत बघशील, असं तुझ्या आईचं म्हणणं. म्हणून नियम तोच: पत्र मराठीत, हातानं लिहून, मग फोटो पाठवायचा.

बातमी मोठी आहे. गावच्या वस्तीतल्या आपल्या विहाराची कौलं उतरवून वर स्लॅब टाकायचा ठरला. ड्रॉइंग माझं, त्याचाही फोटो सोबत आहे. बावीस वर्षं या बेटावर टॉवर उभे करणाऱ्याला एका खोलीचा स्लॅब म्हणजे चहाच्या सुट्टीतलं काम. संगमरवरी पाटीही कोरून गेली: ‘हा स्लॅब उज्ज्वल, बहरीन यांजकडून.’ तुझा रामजीकाका गावाहून कळवतो की अक्षरं जरा मोठी झाली. त्याला जळायला निमित्त लागत नाही. स्लॅब पाच फेब्रुवारीला ओतणार.

तुझा विवेकमामा आमच्याकडे दोन दिवसांसाठी आला होता. सात महिने झाले, मजेत आहे.

लोभ आहेच, कानटोपी घातलीस तर वाढेल.

तुझा बाबा

एडिंबरो
१८ जानेवारी

ती. बाबांस सप्रेम जय भीम, वि. वि.

कानटोपी घातली. आमच्या वर्गाला होलीरूडचा राजवाडा दाखवायला नेलं होतं. शेजारी नऊशे वर्षांपूर्वीचा मठ आहे: भिंती उभ्या, वर आभाळ. राजे तिथे पाहुणे म्हणून उतरायचे. जागा आवडली, येत राहिले, शेवटी पाहुण्यांच्या खोल्यांचा राजवाडा झाला आणि मठ कोपऱ्यात राहिला. हे विवेकमामाला वाचून दाखवू नका.

या मठानं लढाया सोसल्या, लूट सोसली. छप्पर पडलं ते मात्र दुरुस्तीनं. जुन्या भिंतींवर जड दगडी फरशा चढवल्या आणि दहाएक वर्षांत सगळं खाली आलं.

बाबा, आजोबांनी विहाराच्या भिंती कशात बांधल्यात? पाया किती खोल आहे? तुमच्या ड्रॉइंगमध्ये भिंतींखाली कोरा कागद आहे. तिथे रोज संध्याकाळी बत्तीस मुलं अभ्यासाला बसतात. रागावलात तरी चालेल, पण उत्तर लिहा.

तुमच्या लोभाची आणि रागाचीही हक्कदार,
सीमा

उम्म अल हस्सम
२१ जानेवारी

चि. सीमास आ. (अ. आणि उ. आज नाहीत.)

वाढवलं आम्ही आणि अक्कल शिकवणार स्कॉटलंड! भिंती चिऱ्याच्या आहेत. चिरा म्हणजे चिरा. तारीख बदलणार नाही. खलास.

बाबा

उम्म अल हस्सम
१ फेब्रुवारी

चि. सीमास अ. उ. आ. (मागच्या वेळचेही यातच धर.)

माझा राग उतरावा म्हणून काल तुझ्या आईनं मला अरादच्या किल्ल्यावर नेलं. तिथल्या माणसानं सांगितलं, दुरुस्ती समुद्रातला दगड, चुना आणि खजुराची खोडं वापरून केली, सिमेंट मफी, म्हणजे अजिबात नाही. ज्या देशात मी सिमेंटच्या गाड्यांच्या गाड्या ओतल्या, तिथे!

घरी येऊन रामजीकाकाला फोन केला, भिंतीलगत खणून बघ म्हटलं. दीड फुटावर पाया संपला. चिरेही नुसत्या मातीत बसवलेले. आणि मी फोटो बघून ड्रॉइंग केलं होतं! साइटवर एखाद्या ज्युनिअरनं असं केलं असतं, तर मी त्याला त्याच दिवशी विमानात बसवलं असतं.

स्लॅब रद्द. नवे वासे, वर कौलंच. रामजीकाका एका शब्दानंही टोचून बोलला नाही. ते फार लागलं.

पाटी उलटी करून नळापाशी बसवायला सांगितली आहे. मुलं तिच्यावर पाय धुऊन आत जातील. नाव जमिनीकडे. तेवढं वजन ती पेलेल; या वेळी आधी विचारून घेतलं.

लोभ ठेव, आणि बाबा चुकला की असंच लिहीत जा. मराठीतच.

तुझा बाबा