ठमीची पट्टी

दि. ९ फेब्रुवारी, दुपार

चि. चिऊ,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं मजेत असाल. जावईबापूंचा खोकला गेला का? नसेल, तर त्यांना म्हणावं, आधी ते बाल्कनीत उघड्या अंगाने उभं राहणं सोडा.

इकडे सगळं ठीक. तबेल्याच्या दारात उन्हाला खुर्ची टाकून लिहितेय. ठमी माझ्या खांद्यावरून कागदात नाक खुपसतेय. घोडीला वाचता येत नाही, हे माझं नशीबच.

तू दर पत्रात तिच्या पायाचं विचारतेस. गाडीच्या दांडीवर नडगी आपटली तेव्हा मला वाटलं, खरचटलंय नुसतं. वरून जखम बुजायची आणि पुन्हा सुजून पू यायचा. बाईसाहेब तीन पायांवर उभ्या! मी मेली मलमावर मलम फासत बसले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. म्हणाल्या, "अहो, सूज हाडात आहे. हाडाची एक कपची आत मरून पडलीय. ती काढल्याशिवाय जखम भरायची नाही." काढली त्यांनी. नखाएवढी होती गं! एवढ्याशा तुकड्याने केवढ्या जनावराला जेरीस आणलं.

मग रोजची पट्टी. त्यासाठी जनावरांच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर येतात. लहानपणी तू त्यांना कापूसकाका म्हणायचीस. ऊन कलंडलं की येतात. आधी कापूस, मग पट्टी, खालून वर, अगदी सावकाश. मी ठमीचं डोकं धरते. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत असते, ठमीचे डोळे मिटतात, आणि खरं सांगू, माझेही. कधी वाटतं, आपण तिघं पाण्याखाली आहोत आणि वर कुणाला आपला पत्ताच नाही. तुझे बाबा गेल्यापासून मला अशी गुंगी कधी आली नव्हती.

तू लिहिलंस, पाय बरा झाला की ठमीला देऊन टाक, घराला कुलूप लाव आणि कायमची आमच्याकडे ये. खोलीसुद्धा रंगवून ठेवलीस म्हणे. फिका निळा दिला असशील. तुझी आवड मला माहीत आहे.

अगं, पाय बरा झालाय. कधीचाच. जखम भरली, वर केसही आले. डॉक्टरीणबाई बघून, पाठ थोपटून गेल्या. तरी मी तुला 'अजून वेळ लागेल' असंच लिहीत राहिले, आणि कंपाउंडर रोज येऊन त्या धडधाकट पायाला पट्टी बांधत राहिले. दोघांनाही ठाऊक, पण कुणी चकार शब्द काढला नाही. ठमी तर पट्टी दिसली की आपणहून पाय पुढे करते!

काल मी म्हटलं, "आज पट्टी नको."

गुंडाळी हातात धरून ते तसेच उभे. "मग मी काय करू?"

"बसा," म्हटलं.

बसले. दिवेलागणीपर्यंत बसले. जाताना दारात थांबून म्हणाले, "उद्या येऊ ना?" आणि मी, या वयात, चक्क लाजले. हसतेस काय? बरं, हास. पण रडू नकोस.

चिऊ, मी तुमच्याकडे राहायला येणार नाही. तुझ्यावर राग नाही, जावईबापूंवर तर मुळीच नाही. हे लिहायला इतके दिवस लावले, कारण तुला वाटेल, आई बाबांना विसरली. नाही गं विसरले. सकाळी चहा अजून दोन कपांचाच होतो माझ्याकडून. पण तुझ्या त्या खोलीत मी दिवसभर तुमच्या येण्याची वाट बघत बसेन, आणि तुम्ही दमून याल, माझ्याशी गोड बोलाल आणि झोपाल. इथे कुणीतरी माझ्यासाठी म्हणून येतं. मला ते हवंय. लाज सोडून सांगते, फार हवंय.

रागावलीस तर चार शिव्या घालून लिही. जे वाटेल ते लिही. तू गप्प बसलीस तर मात्र मला सोसणार नाही.

तुझीच, पण आता इथलीच,
आई