चेक थांबवण्याचे कारण: इतर

प्रिय ठमी हिला, ती अजून घ्यायला तयार असेल तर, थोरल्या भावाचे आशीर्वाद.

तुझा अंगठा कसा आहे? मी निघालो त्या दिवशी हातोडी लागून नख काळंनिळं झालं होतं. ते आपोआप गळून पडू दे, ओढू नकोस. माझी तब्येत तू विचारणार नाहीस, तेव्हा मीच सांगतो: पायाचं हाड जुळत आलं आहे, भूक बरी आहे, आवाज उत्तम आहे. आज बारा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. (चौदा वेळा केला. पंधराव्यांदा चुकून एका जनावरांच्या डॉक्टरला लागला. भला माणूस, पाच मिनिटं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "खातंय ना नीट? मग काळजी नको.") तेव्हा माझ्या हातात आता पत्रच उरलं. हा चौथा खर्डा आहे. पहिला एकोणीस पानांचा झाला होता आणि त्याच्या सातव्या पानावर मी "मित्रहो" असं लिहून गेलो होतो, म्हणून फाडला.

मुद्द्याचं आधी सांगतो. मी तुला दिलेल्या चेकचं पेमेंट बँकेत जाऊन थांबवलं आहे. पत्र फेकू नकोस. पैसे वाचवायला नाही थांबवलं.

पाय मोडल्यावर तू मला उचलून नेलंस आणि तुझ्या सोफेदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत अकरा आठवडे ठेवलंस. दिवसभर तू ओठांत बारीक खिळे धरून खुर्च्या ठोकायचीस आणि मी बोलायचो. आयुष्यात इतका चांगला श्रोता मला लाभला नव्हता. (खिळे तोंडात असल्यामुळे तुला उत्तर देता येत नव्हतं हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.) मी झोपत होतो तो सोफा दातांच्या डॉक्टरांचा आहे, तो दुसऱ्याच आठवड्यात तयार झाला आहे, आणि ते न्यायला आले की "स्प्रिंगचं काम बाकी आहे" असं सांगून तू त्यांना परत पाठवतेस, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. शेवटच्या दिवशी तू कापड आणायला बाहेर गेली होतीस, ते आले आणि त्यांनी मला विचारलं, स्प्रिंगचं काम झालं का. आता ठमे, चाळीस वर्षं मी कारखान्याच्या फाटकापुढे, मैदानात, वाचनालयाच्या गच्चीवर, मिळेल त्या टेबलावर उभा राहून सांगत आलो की लहान खोटं आणि मोठं खोटं असा भेद नसतो. मी त्यांना खरं सांगितलं, की दोन महिने मीच यावर झोपतोय आणि स्प्रिंग उत्तम आहेत. नुसतं सांगितलं असतं तरी निभावलं असतं, पण मी त्यावर थोडं बोललोही. ते सोफा घेऊन गेले आणि दवाखान्याच्या खुर्च्यांचं कामही काढून घेऊन गेले. तू आलीस, रिकामी जागा पाहिलीस, आणि तोंडातले खिळे काढून म्हणालीस, "दादा, तुला सगळं कळतं रे. घरात कसं राहायचं तेवढं कळत नाही."

घर म्हणालीस. मी मात्र ऐकलं की मला घराबाहेर काढतेस. एका कुबडीवर उभा राहून मी चेक लिहिला, बऱ्यापैकी लॉजच्या दराने, आणि मागे लिहिलं: "राहणे व जेवण यांबद्दल, पूर्ण व अंतिम." सही करताना मला वाटलं, काय बाणेदारपणा हा! टॅक्सीत बसल्यावर पहिल्या सिग्नलला वाटलं, अरे गाढवा.

चौथ्या दिवशी बँकेत गेलो. खिडकीत एक तरुण मुलगी होती, चष्मा डोक्यावर चढवलेली. मी म्हटलं, हा चेक वटता कामा नये. तिने विचारलं, "हरवला का काका?" नाही. "चोरीला गेला?" नाही. "चुकून जास्त रक्कम लिहिली?" उलट कमीच. "मग कारण काय लिहू?" मी म्हटलं, लाज. तिने यादी वरून खाली पाहिली, पुन्हा खालून वर पाहिली आणि म्हणाली, "लाज यात नाहीये." मी तिला सांगितलं की ज्या व्यवस्थेत माणसाला आपली चूक मागे घ्यायला रकाना नसतो त्या व्यवस्थेने... इथे माझ्या मागच्या बाईंनी मला खांद्यावर टोचून सांगितलं की त्यांची पार्किंगची वेळ संपत आली आहे. मला कायदाही नीट ठाऊक नव्हता, म्हणून रांगेतून बाजूला झालो आणि आपल्या वकिलाकडे गेलो. (तोच तो, माझ्या भाषणांवरच्या खटल्यांतून मला सोडवून सोडवून ज्याचे केस गेले.)

वकील म्हणाला, "खातं तुझं आहे. चेक वटायच्या आत तू लेखी सांगितलंस तर बँक थांबवेल. त्यात बेकायदा काही नाही. प्रश्न पुढचा आहे. चेक कशापोटी दिला होतास? देणं असेल तर चेक थांबला म्हणून देणं थांबत नाही. ती मागू शकते, आणि बुडवण्याच्या इराद्याने थांबवलास असं दिसलं तर तुझ्यावर शेकू शकतं. पण नुसताच दिला असशील, देणं काहीच नसेल, तर खुशाल थांबव. तेव्हा एवढंच सांग, देणं होतं की नव्हतं?"

ठमे, मी गप्प बसलो. (वकिलाने घाबरून पंखा वाढवला.) देणं होतं म्हणावं, तर तू लॉजवाली आणि मी बिल भरून जाणारं गिऱ्हाईक. देणं नव्हतं म्हणावं, तर ते लिहून सही करायची! तू माझ्या कुबडीच्या डोक्याला उरलेली मखमल लावून दिलीस, काखेला टोचू नये म्हणून. तुझं ठोकायचं बाक एकटीने ढकलत नेलंस, मला पडल्या पडल्या रस्ता दिसावा म्हणून. आठवड्यातून दोनदा बादलीवर माझं डोकं वाकवून केस धुतलेस आणि साबण डोळ्यांत गेला की मी ओरडलो, तर "सभेत ओरड" म्हणालीस. आणि जन्मभर खोट्याचा तिटकारा असलेली तू दर शनिवारी त्या डॉक्टरांच्या तोंडावर खोटं बोललीस. माझ्यासाठी. हे देणं नाही असं मी लिहू?

वकील वैतागला. "अरे, कायद्यात देणं म्हणजे वसूल करता येतं ते." मी म्हटलं, हे वसूल करता येत नाही. "मग नाही देणं." मी म्हटलं, पण आहे. त्याने फी घेतली नाही. फक्त जाताना दार लावून जा म्हणाला.

पुन्हा बँकेत. अर्जावर "कारण" यापुढे दोन बोटं जागा होती. मी ती भरली, पाठ भरली आणि दोन पुरवण्या जोडल्या. त्या मुलीने सगळं वाचलं. डोक्यावरचा चष्मा उतरवून डोळ्यांवर घातला, पुन्हा वाचलं, नाक पुसलं आणि म्हणाली, "काका, मी 'इतर'वर खूण करते." मग शिक्का मारला. मग हळूच म्हणाली, "पण हे सगळं त्यांना सांगायला हवं ना? बँकेला सांगून काय उपयोग?" इतक्या कमी शब्दांत माझं म्हणणं आजवर कुणी खोडून काढलं नव्हतं.

तर तुला सांगतो. डॉक्टरांशी खोटं बोलू नये हे माझं मत आजही कायम आहे. पण त्या दिवशी खरं बोलायला मला एक पै लागली नाही, सगळी किंमत तू मोजलीस. असलं फुकटचं खरं बोलून मी स्वतःला शूर समजत होतो. चुकलो. "पूर्ण व अंतिम" हे शब्द मी परत घेतो. तुझं माझं पूर्णही होत नाही आणि अंतिमही. तो कागद आता कायद्याने निव्वळ कागद आहे, फाडून टाक. मला तुझ्याकडून काही नको, उत्तरही नको. माझं इथे उत्तम चाललं आहे.

तुझा,
दादा

ता. क. हे पत्र पाकिटात घातलं आणि बँकेतल्या मुलीचा फोन आला. मी अर्जात चेकचा नंबर चुकीचा लिहिला होता. थांबला तो वीजबिलाचा चेक. त्यामुळे कालपासून घरात वीज का नाही याचा उलगडा झाला. (मी शेजाऱ्यांना जमवून खात्याच्या बेपर्वाईवर अर्धा तास बोललो होतो. आता त्यांना तोंड कसं दाखवू?) तुझ्याकडचा चेक अजून जिवंत आहे. वटवायचा तर वटव. मी आता काहीच थांबवणार नाही.

ता. क. दुसरा. उत्तम चाललं आहे असं वर लिहिलं ते खरं नाही. इथे मी बोललो की खोली उलट काहीच म्हणत नाही. तुझ्याकडे येऊ का? जमिनीवर झोपेन. उठवायला मात्र तू लागशील.

ता. क. तिसरा. पत्र घेऊन तुझ्या दारात उभा आहे तो पोस्टमन नव्हे, टॅक्सीवाला आहे. मी मागच्या सीटवर आहे, पाय आखडलाय, एकट्याला उतरता येत नाही. येताना थोडी रोकड घेऊन ये. वाटेत मी त्याला चेक थांबवण्याचा कायदा इतका नीट समजावून सांगितला की आता तो माझा चेक घ्यायला तयार नाही.