एका ताग्यातले चौघे

३ सप्टें., बुधवार
सरांनी माझ्या कॉलेजच्या फिल्मची स्क्रिप्ट पास केली! शेवटच्या वर्षाची, वीस मिनिटांची, 'माझं मोठं होणं'. म्हणजे काय, तर बंगळुरूचं राजाजीनगर, पुढे अप्पांचं शिंप्याचं दुकान, मागे आम्ही चौघे. आई म्हणाली, "अय्यो, यात सिनेमा कुठाय?" मलाही नक्की माहीत नाही.

मुख्य सीन दिवाळीच्या कुर्त्याचा. दर दिवाळीला अप्पा चिकपेटच्या कापडबाजारातून एकच तागा आणतात नि त्यातून सगळ्यांचं शिवतात. फोटोत आम्ही एकच पडदा फाडून वाटून घेतल्यासारखे दिसायचो. मी नववीत असताना माझा कुर्ता इस्त्रीखाली जळला. अप्पा इस्त्री चालू ठेवून विसरले, असं घरात सगळ्यांना माहीत आहे. ते स्वतःच तसं म्हणाले होते. आई अजून रोज दुकान बंद होताना ओरडते, "अहो, इस्त्री बंद केली का?" अप्पा रोज, "केली गं."

खरं काय ते मलाच माहीत. मुद्दाम ठेवली होती मी. वर्गातल्या मुली 'पडदा आला' म्हणायच्या. दहा आकडे मोजले नि उचलली.

त्या वर्षापासून अप्पा माझं माप घेत नाहीत. "तू रेडिमेड घे, तुला बरं दिसतं." सहा दिवाळ्या फोटोत मी वेगळी. हवं होतं तेच मिळालं नि मुळीच आवडलं नाही. पण हे सांगू कसं?

स्क्रिप्टमध्ये अप्पाच विसरतात असं लिहिलंय. भित्री कुठली.

६ सप्टें.
आतेबहीण नंदिनी माझं काम करणार. अप्पांचं काम अप्पाच. आधी "मला नाही जमायचं, गिऱ्हाइकं हसतील", मग गुपचूप मिशी कापून आले. धाकटा भाऊ तम्मा म्हणे, "अक्का, हिरो तयार."

सीनसाठी कुर्ता हवा, तोही अप्पांनीच शिवायचा. जळणार आहे हे माहीत असून नंदिनीचं माप दोनदा घेतलं, काखेत दाब सोडला, पुढे वाढली तर उसवता यावा म्हणून. मी म्हटलं, अप्पा, तो जळणारे. "सरी, सरी, ठाऊक आहे. म्हणून काय वाकडा शिवू?"

असे एकूण दोन शिवले. एक वाया गेला तर असावा म्हणून.

टेप नंदिनीच्या खांद्यावर होता आणि मला नववीतल्या पोरीचा हेवा वाटत होता. लाज वाटली.

१४ सप्टें., रविवार
शूटिंग. दुकानातच. आई मंगळुरू बोंडा तळून कॅमेऱ्यामागून देत होती, दोन टेकमध्ये तिचा हात आलाय.

अप्पांनी करायचं एवढंच: कुर्ता पसरायचा, इस्त्री टेकवायची, कोणीतरी हाक मारतं, निघून जायचं. पहिला टेक: जाता जाता बटण बंद. दुसरा: बंद. तिसरा: बंद! "अहो अप्पा, विसरायचंय!" म्हणाले, "अगं हात आपोआप जातो. तीस वर्षांत एकदाही विसरलो नाही, आता कुठून विसरू?"

तम्मा हसला. आई बोंडे आणायला आत गेली होती. मी उगाच लेन्स पुसली.

चौथ्या टेकआधी मी टेबलावरचं जुनं कांबळं थोडं जाळून घेतलं, खरं वाटावं म्हणून. अप्पा जवळ आले. हळूच म्हणाले, "कांबळं कशाला जाळलंस? तेव्हा कांबळ्याला काही झालं नव्हतं."

मी कांबळ्यावरची राख झटकू लागले.

"विसरलेली इस्त्री भोक पाडते. कांबळं जळतं, फळी काळी होते. त्या दिवशी कुर्त्यावर इस्त्रीच्या आकाराचा डाग तेवढा होता, टोकासकट. कोणीतरी वेळेवर उचलली होती."

म्हणजे सहा वर्षं. सहा वर्षं आईची बोलणी खात होते, माझ्यासाठी!

मी विचारलं, मग माप घ्यायचं का थांबवलंत? टेप गुंडाळत म्हणाले, "तुला नको होतं ना. जबरदस्तीनं काय घालायचं अंगावर."

पॅकअप केलं. बाथरूममध्ये जाऊन रडले, नळ सोडून. बाहेर आल्यावर तम्मा, "अक्का, डोळ्यांत कांदा?"

२१ सप्टें.
सीन बदलला. आता नंदिनी इस्त्री ठेवते नि मोजते. पोरगी घाबरत होती, मामांनी एवढा छान शिवलाय म्हणून. कॅमेऱ्यामागून मामाच, "स्वल्प दाबून ठेव. दहा म्हण." एका टेकमध्ये ओके. दुसरा कुर्ता शिल्लक, तो नंदिनी घालून गेली.

जाताना अप्पा म्हणाले, "आता तुझ्या आईला कळणार. माझी सुटका, तुझी पाळी."

५ ऑक्टो., रविवार
कॉलेजात दाखवली. आई पहिल्या रांगेत, चिकपेटची सिल्क नेसून. इस्त्रीच्या सीनला तिने अप्पांकडे पाहिलं, मग मागे वळून माझ्याकडे. मी खुर्चीत खाली सरकले. सरांनी कौतुक केलं, काय म्हणाले आठवत नाही. घरी येईपर्यंत ऑटोत आई अवाक्षर बोलली नाही. तम्मासुद्धा गप्प, म्हणजे बघा.

संध्याकाळी शटर ओढायच्या वेळी आतून आवाज आला, माझं पूर्ण नाव घेऊन, "इस्त्री बंद केली का?"

"केली गं," मी म्हटलं. अप्पा खोकल्याचं नाटक करून हसत होते.

६ ऑक्टो.
तागा आला. हिरवा, वर पिवळी फुलं. भयंकर आहे. अप्पांनी खडूने आईचं आखलं, तम्माचं, स्वतःचं. कापड बरंच उरलं. मी विचारलं, जास्त आणलंत? "दुकानदाराने घातलं जास्त," म्हणे, आणि कात्री शोधू लागले, जी हातातच होती.

समोर जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले. अप्पा चष्मा पुसतायत, अजून पुसतायत