नाथाजी एजंट आणि आमची ओली भिंत

शाहूपुरी, सातारा
पाडव्यानंतरचा दुसरा रविवार

ती. सुमंतदादा यांस,

गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग आता कागदावरच घालता येतो, तो गोड मानून घ्यावा.) तुमची साखर कशी आहे? वहिनींचा खांदा वर जातो का आता? सांगलीत आत्ताच अंग भाजतंय असं पेपरात वाचलं आणि काळा कोट घालून कोर्टात उभे असलेले तुम्ही डोळ्यांसमोर आलात. अडुसष्टाव्या वर्षीही तुम्ही रोज वकिली करायला जाता याचं मला फार कौतुक वाटतं. (वहिनींना वाटत नाही, तेही ठाऊक आहे.) इकडे आम्ही खुशाल आहोत. हे वाक्य गेले दोन महिने मला कुठल्याच पत्रात लिहिता आलं नव्हतं, म्हणून पुन्हा एकदा लिहून घेतो: आम्ही खुशाल आहोत. भिंत वाळली.

फोनवर तुम्हाला तुकड्यातुकड्यानं कळलंच आहे, पण फोनवर मी निम्मा वेळ ओरडत होतो, त्यामुळे नीट क्रमानं सांगतो. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून आणि तितकीच वर्षं भाड्याच्या घरात काढून जानेवारीत आम्ही हा तळमजल्याचा फ्लॅट घेतला. घेतला म्हणजे नाथाजींनी घ्यायला लावला. नाथाजी मूळचे मेढ्याकडचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता एका गाळ्यात टेबल टाकून घरांची एजंटगिरी करतात. घर दाखवताना ते कुलूप काढून दाराशी सावधानमध्ये उभे राहतात, त्यामुळे आत जाऊन आल्यावर ‘नको’ म्हणायचा धीर होत नाही. विकणारे गृहस्थ परदेशातल्या मुलाकडे जाणार होते (आणि गेलेही, इतके की त्यांचा फोन आता लागत नाही). क्षमानं तेव्हाच विचारलं होतं की नंतर काही दुखणं निघालं तर सांगायचं कोणाला? नाथाजी म्हणाले, “वहिनी, घर घेतल्यावर बी नाथाजी हायच की.” हे वाक्य मी त्या दिवशी तारखेसह डायरीत लिहून ठेवलं.

फेब्रुवारीत आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली. तीही अशी की सकाळी सातला पोळपाटाएवढा डाग, नऊपर्यंत त्याची परात व्हायची आणि दुपारी चारला आक्रसून पुन्हा पोळपाट. पावसाचा थेंब नाही, आमच्या भिंतीतून नळ गेलेला नाही. दोन प्लंबर येऊन गेले. पहिल्यानं दुसऱ्याला बोलवा म्हणून सांगितलं आणि दुसऱ्यानं पहिला काय म्हणाला ते विचारलं. मी रोज डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ ओढून तारीख घालू लागलो. महिन्याभरात भिंतीवर महाबळेश्वरच्या पठाराचा समोच्च रेषांसकट नकाशा तयार झाला. (क्षमा म्हणाली, भिंतीवर लिहिलं म्हणून किती पोरांना वर्गाबाहेर उभं केलंत ते आठवा.) पण दादा, यात हसण्यासारखं फार नव्हतं. ती खोली आमच्या लेकीसाठी, अपूर्वासाठी होती. बाळंतपणाला ती चैत्रात यायची होती, आणि ओलीच्या वासानं तिची छाती कशी भरते हे वहिनींनी एका सुट्टीत तुमच्याकडेच पाहिलेलं आहे. एक दिवस क्षमा त्या खोलीत पाळण्याची जागा मोजत होती. मोजता मोजता टेप तशीच हातात धरून ती खाली बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. मी डायरी काखेत मारली आणि नाथाजींचा गाळा गाठला.

नाथाजींनी आधी सांगितलं की ती ओल नव्हे, गारवा आहे, आणि उन्हाळ्यात लोक त्यासाठी एसी लावतात. मग सांगितलं की एजंटाचं काम किल्ली हातात देईपर्यंत; चार्ज दिला की जुन्या हवालदाराला कोणी विचारत नाही. मी डायरी उघडून त्यांचंच वाक्य त्यांना वाचून दाखवलं. त्यावर त्यांनी शांतपणे खुलासा केला की ‘नाथाजी हायच की’ याचा अर्थ नाथाजी साताऱ्यातच आहे, गाव सोडून गेलेला नाही, आणि तसा तो आहेही. व्याकरणदृष्ट्या त्यांचं चुकत नव्हतं, तेच मला लागलं.

मग मी दुसऱ्या दिवसापासून रोज दहा ते एक त्यांच्या गाळ्यात पेपर वाचत बसू लागलो. त्यांना मला उठा म्हणता येईना, कारण शाळामास्तरापुढे तो माणूस अजूनही आपोआप उभा राहतो. उलट दर खेपेला चहा मागवायचे. गिऱ्हाईक आलं आणि त्यानं विचारलंच, तर मी खरं सांगायचो: यांच्यामार्फत घेतलेलं माझं घर हवेशीर आहे, शेजार चांगला आहे, भिंत ओली आहे. (न विचारता एकदाही बोललो नाही. मात्र कोणी विचारावं असा चेहरा करून बसायचो, हे कबूल.) आठव्या दिवशी रहिमतपूरचं एक जोडपं आलं. बाई चौकस होत्या. त्यांनी विचारलं, मी पोळपाटापासून पठारापर्यंत सगळं सांगितलं. नाथाजी डोळे मिटून बसले होते. जोडपं बाहेर गेलं, स्कूटरपाशी दोघांचं काही बोलणं झालं, आणि परत येऊन बाई म्हणाल्या की घर घेऊ ते ह्यांच्याकडूनच, कारण ज्याच्या दुकानात तक्रारवाला आठ दिवस बसून चहा पितो तो माणूस पळणाऱ्यातला नव्हे.

ते गेल्यावर नाथाजींनी माझा पेपर घडी करून माझ्या हातात दिला. मग गाळ्याचं शटर ओढलं आणि म्हणाले, “सर, सकाळी येतो. भिंत दावा.”

सकाळी साडेसहाला ते हजर. स्टुलावर बसून, स्टीलचा पेला भिंतीला लावून त्याला कान लावला. मी आणि क्षमा पेशंटच्या नातेवाइकांसारखे मागे उभे. सातला दहा कमी असताना त्यांनी हात वर केला. मीही कान लावला. भिंत आतून गुळण्या करत होती. वर कोणीतरी नळ सोडला होता.

वर म्हणजे बनुबाई राहतात. मूळच्या कुंडलच्या, मुलगा विश्वजित सैन्यात, सून आणि नातवंडं त्याच्याबरोबर, इथं या एकट्याच. मला त्यांचा संशय आधीच होता, नाही असं नाही. मी तीनदा वर जाऊन आलो होतो, सोसायटीच्या नियमांचा टाइप केलेला कागद घेऊन. तिन्ही वेळा दार हातभर उघडून त्यांनी सांगितलं होतं की त्या दोन बादल्यांत आंघोळ करतात, आणि जन्मभर उसाला पाणी पाजलेल्या बाईला पाणी कुठून कुठं जातं ते कोणी शिकवू नये. आता नाथाजींबरोबर वर जाऊन पाहिलं, तर दोन बादल्या खरंच होत्या. पण सोलरचं गरम पाणी खाली उतरायला दहा मिनिटं लागतात, तोवर गार पाणी त्या नुसतंच वाहू देत, आणि ते काही आंघोळीत धरत नव्हत्या. फरशीखालचा पाइप कुठंतरी तडकला होता, त्यातून ते थेट आमच्या पठारावर उतरत होतं. फरशी उकरायला मात्र त्यांचा साफ नकार होता. ती विश्वजितनं मागच्या सुट्टीत स्वतः बसवली होती. पोराच्या हातचं घरात तेवढंच होतं.

मला वाटलं, नाथाजी आता फौजी आवाज काढणार. त्यांनी एवढंच म्हटलं की मावशी, खाली चहाला या. बनुबाई आल्या. खोलीच्या दारात थांबल्या. आत क्षमानं गोधड्या ऊन दाखवून घडी करून ठेवल्या होत्या, पाळण्याच्या कड्या घासून ठेवल्या होत्या, आणि वर भिंतीवर माझं महाबळेश्वर. त्यांनी तळवा भिंतीला टेकवला आणि विचारलं की हितं कोण निजणार? क्षमानं सांगितलं. अपूर्वाच्या छातीचंही सांगितलं.

बनुबाई माझ्याकडे वळल्या. “मास्तर, तीनदा आलासा आन् तीनदा कागुद दावला. पोरगी बाळंतपणाला येनार हाय, ह्ये एकदा तरी तोंडानं सांगायचं न्हाई व्हय?”

दादा, माझ्या कागदात कलमं सगळी होती, ही एक गोष्ट तेवढी राहिली होती.

त्यांनी तिथूनच विश्वजितला फोन लावला. तो म्हणाला, आई, फोड बिनधास्त, सुट्टीत आलो की पुन्हा बसवतो. तरी त्यांनी गवंड्याला, आकारामला, एकेक फरशी अख्खी काढायला लावली. सात फुटल्या, आणि सातही वेळा बोलणी नाथाजींनी खाल्ली, ज्यांनी छिन्नीला हातसुद्धा लावला नव्हता. चार दिवस बनुबाई आंघोळीला आमच्याकडे. पहिल्या दिवशी सवयीनं नळ सोडून उभ्या राहिल्या, तेव्हा क्षमानं बाहेरून सांगितलं की मावशी, इथं गीझर आहे. पाइप बदलल्यावर नाथाजींनी वरच्या न्हाणीघरात घोटाभर पाणी कोंडून ठेवलं आणि स्वतः खाली भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले. दिवसभर बसले. जेवणही तिथंच घेतलं. पठार तसूभरही हललं नाही. संध्याकाळी उठले, भिंतीकडे बघून मान हलवली आणि मला म्हणाले, “सर, आता चार्ज दिला.”

गेल्या गुरुवारी अपूर्वा आली. भिंतीला फिका पिवळा रंग दिलाय. त्या दारावरून जाताना मी दिवसातून चार-पाचदा उगीच थांबतो. ती दुपारची आडवी झालेली असते, श्वास सरळ चाललेला असतो, आणि बनुबाई शेजारी बसून, कोणी सांगितलेलं नसताना, दुपट्यांना टाके घालत असतात. मी पाऊल न वाजवता पुढे जातो.

वहिनींस नमस्कार. तब्येतीला जपावे.

आपला
गोपाळकृष्ण

ता.क. क्षमा म्हणते, वहिनींच्या खांद्याला झेपणार असेल तरच डिंकाचे लाडू पाठवावेत. नुसती कृती कळवली तरी चालेल. (चालणार नाही.)

ता.क. २. आता मुख्य मुद्दा. त्या व्याकरणाच्या दिवशी मी तुम्हाला फोन करून नाथाजींवर वकिली नोटीस काढा असं ओरडून सांगितलं होतं. तुम्ही आठ दिवस थांब म्हणालात, मी नाही म्हणालो, आणि पुढे मी ते साफ विसरलो. तुम्ही विसरला नाहीत. नोटीस काल पोहोचली. नाथाजींच्या चष्म्याची काडी मोडलेली, म्हणून पाकीट घेऊन ते माझ्याकडेच आले. सांगलीच्या वकिलांचं काय आलंय ते वाचून दाखवा म्हणाले. मी उघडलं. पहिल्याच ओळीत ‘हेतुपुरस्सर’ होतं, दुसरीत माझं नाव. अपूर्वा समोर बसलेली, बनुबाई चहा गाळत होत्या, आणि नाथाजी सावधान उभे. दादा, मी वाचलं. म्हणजे तुमच्या कागदाकडे बघून वाचलं, पण वाचलं ते असं, की आपण सांगलीचे एक ज्येष्ठ वकील असून निवृत्तीनंतर साताऱ्यात घर घेऊ इच्छिता, आणि नाथाजींच्या सचोटीची कीर्ती ऐकून प्रथम त्यांनाच लिहीत आहात. उत्तर मी लिहितो म्हणून पाकीट ठेवून घेतलं. पण नाथाजींना उत्तरानं भागणार नाही असं वाटलं. ते येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं पाच घरांचे फोटो घेऊन तुमच्याकडे येत आहेत. तेव्हा कृपा करून आपण घर बघत आहात असं त्यांना सांगावे, पोहोचपावती आली असल्यास फाडून टाकावी, आणि त्यांना जेवल्याशिवाय सोडू नये.

ता.क. ३. त्या पाचांतलं तिसरं घर मी काल त्यांच्याबरोबर जाऊन पाहिलं. दुसरा मजला, पूर्वेला गॅलरी, अजिंक्यतारा समोर. खोटं सांगत नाही, खरंच चांगलं आहे. वहिनींनाही एकदा दाखवून ठेवा.